विद्यापीठाला अर्धी विहीर

मृत्युपत्र करायचं मी ठरवलं त्या दिवशी माझी प्रकृती ठणठणीत होती, हे आधीच सांगून ठेवतो. कारण पुढच्या दोन महिन्यांत या एका गोष्टीवर तुळजापुरात, भूममध्ये आणि विशेषतः ईटमध्ये कुणाचाही विश्वास बसला नाही.

साल एकसष्ट. संक्रांत होऊन आठवडा झाला होता, म्हणजे लोकांशी गोड बोलण्याची मुदत नुकतीच संपली होती. अशात पोस्टमननं हैदराबादचा एक लांबोडा लिफाफा आणून दिला. आत छापील पत्र. वरचा अर्धा भाग उर्दूत, खालचा इंग्रजीत. मी हैदराबादला बी. ए. झालो, आणि सगळं शिकलो ते उर्दूतून. त्यामुळं माझ्या डोक्यात सम्राट अशोक उर्दूत राहतो, वर्गात तो मराठीत बोलतो, आणि तपासणीला साहेब आले की त्याला इंग्रजीत उभं राहावं लागतं. असो. पत्र माझ्या जुन्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या मंडळानं पाठवलं होतं. मजकूर असा होता, की आपण जिथं घडलात त्या संस्थेची आपल्या मृत्युपत्रात आठवण ठेवावी. दान केवढं आहे याला महत्त्व नाही, आठवणीला आहे.

आणि सुरुवातीला मला ‘मोहतरम’, म्हणजे आदरणीय, म्हटलं होतं.

घरी मला ‘अहो’ म्हणतात. शाळेत पोरं पाठीमागं ‘नकाशा’ म्हणतात, कारण मी इतिहासासोबत भूगोलही शिकवतो आणि माझ्या कोटाला ठिगळं आहेत. ‘मोहतरम’ वाचल्यावर माझी मान आपोआप ताठ झाली. मला ते ग्रंथालय आठवलं, जिथं मी पंख्याखाली वाचायला बसायचो आणि पुस्तकावर डोकं ठेवून झोपायचो. तिथल्या म्हाताऱ्या ग्रंथपालांनी मला एकदाही उठवलं नाही. वाचून काय मिळालं ते सांगता येणार नाही, पण तशी झोप मला पुन्हा कुठं लागली नाही. अशा संस्थेला काहीतरी द्यायलाच पाहिजे, असं मला मनापासून वाटलं.

आता द्यायचं काय? राहतं घर सासऱ्यांनी वनमालेच्या नावावर करून दिलेलं. करताना त्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं होतं, तेवढीच काय ती माझ्या वाट्याला आली. सायकलीला विद्यापीठात काही उपयोग नव्हता. शेवटी उरली भूम तालुक्यातल्या ईट या माझ्या मूळ गावची जमीन. दोन एकर अकरा गुंठे, आणि बांधाला असलेल्या विहिरीत आठ आणे हिस्सा. दुसरे आठ आणे माझे चुलतभाऊ हिंमतरावदादा यांचे. माझी जमीनही तेच कसत आणि सुगी झाली की ज्वारीची पोती एसटीच्या टपावर टाकून पाठवत. सोमवार, गुरुवार, शनिवार विहिरीचं पाणी माझ्या रानाला. मंगळवार, बुधवार, शुक्रवार त्यांच्या. रविवारी विहिरीला सुट्टी. आमची एकुलती एक शारदा सोलापूरला चांगल्या घरी पडली होती, तिला त्या रानाची वाटही ठाऊक नव्हती. तेव्हा ठरलं. जमीन आणि अर्धी विहीर विद्यापीठाला.

त्याच संध्याकाळी मी विद्यापीठाला कळवूनही टाकलं. उर्दूत, स्वच्छ अक्षरात, ‘माझ्या पश्चात’ या शब्दांखाली रेघ ओढून.

हे सगळं मी गुप्त ठेवणार होतो. पण मृत्युपत्राला साक्षीदार लागतात. म्हणून मी समोरच्या महालिंगप्पांच्या दुकानात गेलो. महालिंगप्पा कुंकू, हळद, परड्या आणि कवड्यांच्या माळा विकत. वय साठ, आवाज मात्र आख्ख्या गल्लीला पुरेल असा.

‘मास्तर, कवापासून दुखतंय?’ त्यांनी विचारलं.

‘काही दुखत नाही.’

‘मग मृत्युपत्र कशाला?’

‘दान द्यायचंय. माझ्या विद्यापीठाला.’

‘दानाला समोर देवी हाय की. हैदराबादला कशाला जायाचं? आन् ते हैदराबाद आता आपल्यात तरी हाय का? गेलं ते आंध्रात. परप्रांताला जमीन देनार तुमी?’

‘जमीन ईटलाच राहणार, महालिंगप्पा. ती उचलून नेता येत नाही.’

‘ते तुमाला वाटतंय,’ महालिंगप्पा म्हणाले. ‘आन् द्यायचंच तर औरंगाबादला नवं विद्यापीठ झालंय, त्याला द्या. नव्या घराला भांडी लागतात. जुन्याकडं काय कमी असतंय?’

‘पण मी तिथं शिकलो नाही.’

‘मग तर बरंच की. वळख नसल्यावर दान गुप्त ऱ्हातंय.’

गुप्ततेविषयी हे बोलणं चाललं असताना दुकानाच्या मागच्या दारात त्यांच्या बायको रुद्रम्मा तांदूळ निवडत होत्या. त्यांनी अर्धे निवडले, सूप खाली ठेवलं आणि आमच्या घराकडं गेल्या.

मी घरी आलो तेव्हा वनमाला ओट्यावर बसली होती. चूल पेटलेली नव्हती. आमच्या संसारात चूल न पेटण्याचा प्रसंग याआधी फक्त पोलीस ॲक्शनच्या वेळी आला होता.

‘मला एक सांगा,’ ती म्हणाली. ‘तुम्ही गेल्यावर ते विद्यापीठ रडणार आहे का?’

‘नाही, ते कसं रडेल?’

‘मग कोण रडणार?’

मी जरा विचार केला. ‘तू.’

‘मग रडणाऱ्याला निदान आधी कळवायचं तरी. रुद्रम्मेनं सांगितल्यावर मला कळतंय, की माझा नवरा मरायच्या तयारीला लागलाय.’

मी तिला समजावून सांगितलं की मृत्युपत्र म्हणजे मरणाची तयारी नव्हे, ती केवळ कायदेशीर दूरदृष्टी असते, साहेबलोक तर विशीतच करतात. तिनं सगळं ऐकून घेतलं.

‘जमिनीचं मला काही नाही,’ ती म्हणाली. ‘तुमची आहे, कुणाला द्यायची त्याला द्या. पण मी नसल्यावर कसं होईल हे तुम्ही एवढं बसून ठरवलंत, आणि मी असताना मला विचारलं नाहीत.’

‘तू नसल्यावर नाही, मी नसल्यावर,’ मी दुरुस्ती केली. शिक्षकाची खोड. त्या दुरुस्तीची किंमत म्हणून मी पुढं कित्येक दिवस बिनफोडणीचं वरण खाल्लं.

त्यातल्या पहिल्या आठ दिवसांत तुळजापूर मला बघायला येऊन गेलं. पहिल्या दिवशी रुद्रम्मांनी देवीचा अंगारा लावला. दुसऱ्या दिवशी पोस्टमननं काळ्या तिळाचा काढा सांगितला आणि हैदराबादचं पत्र आणल्याबद्दल माफी मागितली. शाळेत माझ्या तासाला अशी शांतता पसरली की शेजारच्या वर्गातले गुरुजी डोकावून बघून गेले. सहावीच्या एका मुलीनं मला खुर्ची पुसून दिली. मुख्याध्यापकांनी तर बाजूला घेऊन विचारलं, की मार्चपर्यंत कृष्णेचं खोरं पूर्ण होईल ना. मी म्हटलं, होईल. ते म्हणाले, ‘ताण घेऊ नका. नाहीच झालं तर गोदावरीपर्यंत आणून ठेवा, पुढं बघू.’

मी ठणठणीत आहे, असं मी प्रत्येकाला सांगत होतो. पण माणूस जितक्या जोरानं ‘मला काही झालेलं नाही’ म्हणतो, तितकी ऐकणाऱ्याची मान जास्त सहानुभूतीनं हलते. शेवटी यात्रेकरूंच्या गाडीनं सोलापूरहून शारदा आली. दारातच तिनं माझ्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. मी त्या वेळी तिसरी भाकरी खात होतो. ती भाकरी बघून ती रडायची थांबली आणि आईकडं वळली. ‘आई, खातायत की चांगले.’ वनमाला म्हणाली, ‘खाण्याचं काही नाही गं. त्यांचा आजार वेगळा आहे.’

माघातल्या एका बाजारच्या दिवशी मी भूमला गेलो. तिथले सिद्धलिंगप्पा अर्जनवीस ही त्या भागातली सर्वांत जुनी लेखणी. निजामाच्या काळापासून कचेरीच्या बाहेर लिंबाखाली त्यांची चटई. साक्षीदार म्हणून मी महालिंगप्पांना बरोबर नेलं होतं. दोन एसट्या बदलाव्या लागल्या, आणि दोन्हींत महालिंगप्पांनी शेजारच्या उतारूला माझं मृत्युपत्र सांगितलं.

सिद्धलिंगप्पांनी नाकावर चष्मा चढवला. ते लिहिता लिहिता मोठ्यानं बोलत, म्हणजे पक्षकाराला चूक कळते. तोटा असा की बाजारालाही कळते.

‘लिहून देणार गोपाळकृष्ण ईटकर. होशोहवास शाबूत, कुणाच्या दबावाशिवाय, राजीखुशीनं. बरं, ज्याला द्यायचं त्याचं नाव?’

‘विद्यापीठ.’

‘विद्यापीठ. बापाचं नाव?’

‘त्याला बाप नाही, सिद्धलिंगप्पा. संस्था आहे ती.’

‘इतकी वर्षं मी लिहितोय. बापाच्या नावाशिवाय आजवर कागद केलेला न्हाय. कुणी काढलं ते?’

‘निजाम सरकारनं.’

सिद्धलिंगप्पांनी लेखणी उचलली आणि आजूबाजूला पाहिलं. बाजारात एकदम गप्पगप्प झालं होतं. ‘ते नको,’ ते हळू आवाजात म्हणाले. ‘बापाची जागा कोरी सोडू. वय?’

‘चाळीसच्या पुढं.’

‘धंदा?’

‘शिकवण्याचा.’

‘हयात हाय ना?’

मी हो म्हटलं. मग साक्षीदाराची वेळ आली. महालिंगप्पा सदऱ्याची बाही सावरून पुढं सरकले. सिद्धलिंगप्पांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, मग पुन्हा त्यांच्याकडं.

‘हे चालायचे न्हाईत.’

‘का?’ महालिंगप्पांनी विचारलं.

‘मृत्युपत्राचा साक्षीदार मागं ऱ्हाणारा पायजे. कचेरीत उभं राहून सांगायला.’

‘म्हंजे मी मास्तरांच्या आधी जानार?’

‘म्या वयावरून बोललो.’

‘वय काय बघतोस? माझा आज्जा नव्वदीत घाट चढत होता. या मास्तरला बघ, जिना चढला तर दम लागतो.’

‘मला दम लागत नाही,’ मी म्हणालो.

‘तुमी मधी बोलू नगा,’ दोघंही म्हणाले.

मग आमच्या दोघांत आधी कोण मरेल यावर लिंबाखाली अर्धा तास वाद झाला. ओळखपाळख नसलेल्या लोकांनी त्यात भाग घेतला. कांदे विकणाऱ्या एका बाईनं आम्हा दोघांचे तळहात पाहिले आणि निकाल महालिंगप्पांच्या बाजूनं दिला. ते खूश झाले. मला मात्र, खरं सांगतो, वाईट वाटलं. साठ वर्षांचा माणूस माझ्या मागं राहतो हे कांदेवालीला कशावरून कळलं?

तरीही कागद पुरा झाला नाही. माणूस शुद्धीत असल्याचा डॉक्टरचा दाखला आणा, असं सिद्धलिंगप्पा म्हणाले. म्हणून एका डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि काय कुणाला देताय असं सहज विचारलं. मी सांगितलं, अर्धी विहीर, हैदराबादच्या विद्यापीठाला. डॉक्टरांनी उचललेलं पेन परत खिशाला लावलं. ‘चार दिवसांनी या,’ ते म्हणाले. ‘तोवर झोप नीट घ्या.’

एवढ्यावर प्रकरण थांबलं असतं तर मी ही हकीकत सांगितली नसती. पण बाजारात ईटची माणसं होती. त्यांनी ‘ईट’ ऐकलं, ‘विद्यापीठ’ ऐकलं, ‘जमीन दिली’ ऐकलं. मधले शब्द गोंगाटात हरवले. दोन दिवसांनी पहिल्या एसटीनं हिंमतरावदादा तुळजापुरात हजर. डोक्याला नवा फेटा. मी घाबरलो. माझ्या मते ते भांडायला आले होते, आणि त्यांचा तो हक्कही होता.

‘दादा, आधी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं,’ मी सुरुवात केली.

‘इचारायचं काय त्यात? जमीन तुजी. म्या फकस्त हिरीचं बोलाया आलो.’ ते पाटावर टेकले. ‘सोमवार, गुरवार, शनवार तुजे वार. ते आता विद्यापीठाचे. व्हय का न्हाय?’

‘हो.’

‘मग मोट कोन हाकनार? त्येंचे परफेसर हाकतेत का गडी ठिवतेत? आन् त्येंनी इंजान बसिवलं तर माज्या मंगळवारला पानी उरंल का? हे आधी बोलून घ्यावं म्हनतो. मागनं शिकल्याल्या मानसांसंगं कज्जा नगं.’

‘दादा, विद्यापीठ पाणी काढायला येणार नाही.’

‘मग पोरास्नी पाजनार काय?’

‘कोणत्या पोरांना?’

तेव्हा कळलं. साऱ्या ईटची खात्री झाली होती, की माझ्या दोन एकर अकरा गुंठ्यांत विद्यापीठ येणार आहे. हैदराबादला जागा कमी पडते म्हणून. ग्रामपंचायत भरली होती. सरपंच ज्ञानोबांनी रविवारी माझा सत्कार ठेवला होता. मी दादांना खरं काय ते दोनदा सांगितलं. त्यांनी दोनदा मान हलवली आणि म्हणाले, ‘ते तू समद्यांपुढं सांग. म्या सांगितलं तर म्हनतील हिंमतराव भावकीत आडवा आला.’

वनमाला आतून म्हणाली, ‘मीही येणार.’ एवढ्या दिवसांतलं माझ्याशी तिचं पहिलं लांब वाक्य.

रविवारी ईटच्या फाट्यावर उतरलो तर समोर हलगी. बैलांच्या शिंगांना गोंडे. आम्हा दोघांना गाडीत बसवून गावातून मिरवत नेलं. वाटेत मी डोळ्यांनी पाहिलं ते सांगतो: पाराजवळच्या चहाच्या दुकानावर खडूनं ‘विद्यापीठ हॉटेल’ असं लिहिलं होतं, आणि खाली ‘उधार बंद’. एका घरापुढं नवा गिलावा चालला होता. दादा म्हणाले, तिथं परफेसर ठेवायचे ठरलेत, दोन. पाटलांनी घोडा ठेवायची जागा रिकामी करून तिथं ग्रंथालयाची सोय केली होती. तिथं झोप चांगली लागली असती, असं मला क्षणभर वाटून गेलं.

देवळापुढं माणूस मावत नव्हता. हार घातले. ज्ञानोबा सरपंच बोलायला उठले. त्यांनी मला भूमिपुत्र म्हटलं, कर्ण म्हटलं, आणि भूमवाले आता जळून खाक होतील असं म्हटलं तेव्हा सर्वांत जास्त टाळ्या पडल्या. मग ते माझ्याकडं वळले.

‘आता मास्तर, येवढंच सांगा. हे कधी व्हनार?’

‘माझ्या पश्चात,’ मी म्हणालो.

कुणाला कळलं नाही. मी सोपं करून सांगितलं. ‘म्हणजे मी मेल्यावर.’

देवळापुढची सारी नजर माझ्यावर आली. टोपीपासून वहाणांपर्यंत आणि परत वर. बैल घेताना बाजारात असं बघतात. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं घसा साफ केला.

‘वय काय म्हनालात?’

‘अठ्ठेचाळीस.’

‘तब्येत बरी हाय?’

‘उत्तम आहे.’

‘आरं आरं,’ तो म्हणाला. मग थोड्या आशेनं, ‘वडील कितव्या वर्षी गेले?’

‘ब्याऐंशी.’

सगळ्या सभेतून एक लांब सुस्कारा गेला. मागं कुणीतरी बोटांवर हिशेब केला आणि शेजाऱ्याला म्हणालं, ‘चौतीस वर्सं. आपल्या नातवांचं नशीब.’ गिलाव्याचं घर ज्याचं होतं तो उठून घराकडं गेला, बहुधा गवंड्याला थांबवायला. आयुष्यात मला पुष्कळदा ओशाळं वाटलंय, पण आपण जिवंत असल्याबद्दल एवढ्या माणसांपुढं ओशाळं वाटण्याची ती पहिलीच वेळ.

आणि मग मला उरलेलं खरंही सांगावं लागलं. मेल्यावरसुद्धा विद्यापीठ येणार नाही. जमीन इथंच राहील, तिचं उत्पन्न तेवढं हैदराबादला जाईल, तिथल्या एखाद्या गरीब विद्यार्थ्याला. हलगीवाल्यानं हलगी मांडीवर पालथी घातली. लोक चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते बसून राहिले.

बायकांच्या बाजूनं मथुराबाईवहिनी उठल्या, हिंमतरावदादांच्या बायको. डोक्यावरचा पदर पुढं ओढून त्या म्हणाल्या, ‘भावजी, म्या अडानी. चुकलं तर पदरात घ्या. पर तुमी म्हनता त्यो गरीब इद्यार्थी हैदराबादलाच असतोय का?’

‘तसं नाही, वहिनी.’

‘हितं चौथी झाली की साळा संपती. पोरं भूमला जात्यात, त्येंचं ठीक हाय. पोरीस्नी कोन धाडतंय? माजी धाकली पाटी घिऊन रोज देवळातल्या साळंत जाती आन् चौथीचंच पुन्यांदा गिरवून येती. तिसरं वरीस हाय तिचं चौथीचं. येवढं पाठ झालंय की गुर्जी चुकलं तर ती सांगती.’

मी वनमालेकडं पाहिलं. ती मथुराबाईंकडं पाहत होती.

परतीच्या एसटीत येरमाळ्याच्या पुढं गेल्यावर वनमाला म्हणाली, ‘द्यायचंच असेल तर मला दिसेल असं द्या. तुमच्या पश्चात मी काय बघणार आणि कुणाला सांगणार?’

‘पण विद्यापीठाला शब्द दिलाय.’

‘मग विचारा त्यांना. ते तर जिवंत आहेत ना?’

विचारायची गरज पडली नाही. त्याच आठवड्यात हैदराबादहून उत्तर आलं. कुणा अधिकाऱ्यानं हातानं उर्दूत लिहिलं होतं, अक्षर फार सुरेख. आपल्या देण्याबद्दल संस्था ऋणी आहे. फक्त विहिरीचा अर्धा भाग इतक्या दुरून कसा सांभाळावा याचा खुलासा करावा. आपल्या भागातच शिक्षणाचं काही काम उभं राहत असेल आणि आपण ते संस्थेच्या नावानं केलंत, तरी ते आम्हालाच पोचलं असं आम्ही मानू. आणि शेवटी, खुदा आपल्याला दीर्घायुष्य देवो.

मी ते पत्र वनमालेला मराठीत वाचून दाखवलं. शेवटची ओळ तिनं पुन्हा वाचायला लावली. एवढ्या सगळ्या प्रकरणात मी जगावं असं लेखी म्हणणारी ती पहिलीच माणसं. ‘चांगली आहेत हो,’ ती म्हणाली आणि उठून वरणाला फोडणी घातली.

मग अर्धवट राहिलेलं मृत्युपत्र रद्द झालं, बक्षीसपत्र झालं. रान आणि विहिरीचे तीन वार ईटच्या शाळेला. यात कुणी मेलेलं असायची अट नसल्यामुळं साक्षीदार म्हणून महालिंगप्पा चालले. त्यांनी एवढ्या जोरानं सही केली की टाक मोडला. हिंमतरावदादांनी पाण्याचा कज्जा होऊ नये म्हणून आपला मंगळवारही शाळेला देऊन टाकला, आणि वर्षभर प्रत्येकाला सांगितलं. शेतीच्या जमिनीवर शाळा बांधायला लागणाऱ्या परवानगीची हकीकत मी सांगत नाही. ती सांगायला परवानगी मिळायला लागला तेवढाच वेळ लागेल.

पुढच्या वर्षी, जूनमध्ये, तीन खोल्या उभ्या राहिल्या. वर पत्रे, भिंती गावानं श्रमदानानं घातलेल्या, म्हणून प्रत्येक भिंत वेगळ्या दिशेला पाहणारी. उद्घाटनाला मी आणि वनमाला आदल्या दिवशीच गेलो. भूमहून रंगारी आला होता आणि दारावर पाटी नुकतीच चढवली होती. निळ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘हैदराबादच्या विद्यापीठाच्या स्मरणार्थ ही जागा कै. गोपाळकृष्ण ईटकर यांनी दिली.’

मी रंगाऱ्याला म्हणालो, ‘अहो, मी गोपाळकृष्ण.’

त्यानं नमस्कार केला.

‘कै. म्हणजे कैलासवासी.’

‘ते ठाऊक हाय, साहेब. पर जागा देनाऱ्याच्या म्होरं ते असतंयच. म्या आजवर धा पाट्या केल्या, धाच्या धा कै.’

ज्ञानोबा सरपंच पाटीखाली उभे राहून विचार करू लागले. रंग पुन्हा आणायचा तर भूमला जावं लागणार, पाहुणे सकाळी येणार. हिंमतरावदादांनी व्यवहार्य मार्ग काढला. ‘ऱ्हाऊ दे की. आज ना उद्या लागनारच हाय.’

मलाही ते पटायला लागलं होतं. एवढ्यात वनमालेनं रंगाऱ्याच्या डब्यातली रॉकेलची चिंधी उचलली, वर्गातलं बाक दाराशी ओढलं आणि त्यावर चढली. मथुराबाईंनी बाक धरलं. वनमालेला मी चोवीस वर्षांत कधी कशावर चढताना पाहिलं नव्हतं. तिनं ‘कै.’ पुसायला सुरुवात केली. रंग ओला होता, हात जोरात चालला, ‘कै.’ गेलाच, पुढचा ‘गो’ही गेला.

‘वनमाला, पुरे,’ मी म्हणालो. ‘नाव चाललंय.’

‘जाऊ दे,’ ती वरून म्हणाली. ‘माणूस राहिला म्हणजे झालं.’

ती पाटी तशीच राहिली. ईटची पोरं मला अजून ‘पाळकृष्ण सर’ म्हणतात, आणि पाचवीच्या पहिल्या हजेरीत पहिलं नाव मथुराबाईंच्या धाकटीचं आहे.

घरी आल्यावर पाहिलं तर वनमालेच्या उजव्या हाताची बोटं निळी झाली होती. मी रॉकेल आणून दिलं. तिनं ते चुलीपाशी ठेवलं, नंतर बघू म्हणाली. तीन दिवस ती त्याच हातानं मला वाढत होती.